खामगावचे तेरा किलोमीटर आणि आपला जुना लॅपटॉप



पत्रिकेवर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, सर, तुम्ही इतिहासाचे माणूस, लॅपटॉपची रॅम आणि डिस्क बदलण्यावर तुम्ही काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी काही दुरुस्तीवाला नाही. पण मागच्या वर्षी घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून मला आपल्या जिल्ह्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आठवला. तो सांगितला की रॅम, हार्ड डिस्क वगैरे आपोआप कळेल, असं मला वाटतं.

आधी घरचा प्रसंग. माझी पुतणी एमपीएससीचा अभ्यास करते. तिच्याकडे २०१५ साली घेतलेला लॅपटॉप आहे. चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा चांगला होता. आता बटण दाबलं की चहा करून, पिऊन, कप धुऊन यावं, तरी तो गोल फिरतच असायचा. ऑनलाइन सराव परीक्षा सुरू असताना मध्येच थांबायचा. दुकानात नेला तर उत्तर आलं, "एवढ्या जुन्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या." नवीन म्हणजे चाळीस हजारांच्या घरात. घरी येऊन ती म्हणाली, "काका, मी मोबाईलवरच करते अभ्यास." ज्यांच्या घरात मुलं शिकतात त्यांना या वाक्याचा अर्थ कळेल. मुलीनं गरज नाही असं म्हटलेलं नाही. परवडत नाही हे तिनं आपल्या वतीनं ठरवून टाकलं.

आता हे इथंच ठेवू आणि खामगावला जाऊ.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. कापूस होता, व्यापारी होते, वखारी होत्या. त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करत पुढे गेली आणि १८६७ ला नागपूरला पोचली.

आणि गंमत बघा. एवढी मोठी बाजारपेठ खामगाव, पण रेल्वे गेली जलंबवरून. खामगाव राहिलं तेरा किलोमीटर दक्षिणेला.

आता हिशोब करा. मुंबई ते जलंब पाचशेहून जास्त किलोमीटर, तिथं आगगाडी. पण जलंब ते खामगाव तेरा किलोमीटर, तिथं बैलगाडी. काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडीचं काय होतं, हे इथं कोणाला सांगायला नको. वखारीत गाठी पडून, स्टेशनात डबे उभे, आणि मधे चाक रुतलेलं. आता बाजार वाढवा, वखारी वाढवा, इंजिन दुप्पट ताकदीचं आणा, उपयोग किती? सगळा खोळंबा त्या तेरा किलोमीटरचा.

उपाय सरकारनं काय केला? मुख्य लोहमार्ग हलवला नाही, बाजारही हलवला नाही. फक्त तेरा किलोमीटरचा फाटा टाकला. १८७० च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले आणि त्यांनी तो खुला केला. पुढच्याच वर्षी बडनेरा ते अमरावती असाच छोटा फाटा झाला. जलंब-खामगाव मार्ग आजही आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्या गाडीत बसलेले असतील.

मला या गोष्टीतून एवढंच घ्यायचं आहे: व्यवस्था मंद झाली, म्हणजे सगळी व्यवस्था जुनी झाली असं नसतं. बहुतेक वेळा ती एका ठिकाणी अडलेली असते. ते ठिकाण शोधायचं आणि तेवढंच बदलायचं.

आता लॅपटॉप उघडू.

त्याच्या आत मुख्य जागा तीन. एक, प्रोसेसर. हे आपलं जिन, सरकी वेगळी करणारं यंत्र. दोन, रॅम. हा जिनाजवळचा ओटा, आत्ता ज्या कापसावर काम चालू आहे तेवढाच इथं असतो. तीन, हार्ड डिस्क. ही वखार, सगळा माल इथं. ओटा लहान असला की हमालाचं काय होतं? थोडा माल आणायचा, थोडा परत वखारीत न्यायचा, पुन्हा आणायचा. जिन रिकामं उभं आणि हमाल धावतोय. रॅम भरली की लॅपटॉप नेमकं हेच करतो. ओट्यावर न मावलेला माल तो गुपचूप हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. आपल्याला बाहेरून एवढंच दिसतं, की गोल फिरतोय.

ही ओटा आणि वखारीची अडचण नवी नाही. संगणकाच्या जन्मापासून आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक संगणक घरीच, म्हणजे संस्थेतच बांधला गेला. तो १९६० मध्ये कामाला लागला, आणि १९६२ च्या जानेवारीत पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं टिफ्रॅक. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. आणि स्मृती किती? चाळीस बिटांचे २,०४८ शब्द. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे दहा किलोबाइट. आज मोबाईलवरचा एक साधा फोटो त्यात मावणार नाही.

ही स्मृती होती फेराइट कोअरची. म्हणजे काय, तर लोखंडाच्या संयुगाचे बारीक बारीक मणी, आणि प्रत्येक मण्यातून ओवलेल्या तारा. मणी एका दिशेनं चुंबकित झाला तर एक, उलट दिशेनं झाला तर शून्य. एका बिटाला एक मणी. जगभरच्या कारखान्यांत हे मणी माणसं, बहुतेक ठिकाणी बायका, हातानं ओवत असत. त्या काळी स्मृती वाढवायची म्हणजे अक्षरशः आणखी मणी ओवायचे. म्हणून ती महाग होती, आणि म्हणून ती थोडी होती.

मग १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी वेगळी युक्ती काढली. एक ट्रान्झिस्टर आणि वीज साठवणारा एक छोटा कपॅसिटर, एवढ्यात एक बिट. १९६८ ला त्याचं पेटंट मिळालं. आपल्या लॅपटॉपमधली रॅम आजही याच तत्त्वावर चालते. यात एक खोट आहे. तो कपॅसिटर म्हणजे गळकं मडकं, वीज गळून जाते. म्हणून सेकंदाला अनेकदा ते मडकं पुन्हा भरावं लागतं. आणि लाईट गेली की सगळं विसरलं. मण्यांच्या स्मृतीचं तसं नव्हतं, वीज गेली तरी त्यांना लक्षात राहायचं. पण डेनार्ड यांची स्मृती लहान होत गेली, स्वस्त होत गेली. पुतणीच्या लॅपटॉपमधली चार जीबी रॅम टिफ्रॅकच्या स्मृतीच्या चार लाखांहून अधिक पट आहे, आणि तरी आज ती अपुरी पडते. ओटा वाढला की माल वाढतोच.

आता वखारीचा इतिहास. १९५६ मध्ये आयबीएमनं रॅमॅक नावाचा संगणक आणला. त्यात पहिली हार्ड डिस्क होती. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक, वजन टनाच्या घरात, आणि साठवण पन्नास लाख अक्षरं. तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घ्यायच्या. हवी ती नोंद हाताशी यायला सरासरी सहाशे मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायचा.

पुतणीच्या लॅपटॉपची डिस्क पाचशे जीबी. म्हणजे साठवण लाखाहून अधिक पट वाढली. आणि फेरे? मिनिटाला ५,४००. साठ वर्षांत साडेचार पट! नोंद हाताशी यायचा वेळ सहाशे मिलिसेकंदांवरून पंधराच्या आसपास आला, म्हणजे चाळीसेक पट सुधारणा. वखार लाख पट मोठी झाली आणि तिचा रस्ता चाळीस पट. इथं आहेत आपले तेरा किलोमीटर.

का झालं असं? कारण हार्ड डिस्क शेवटी फिरणारी वस्तू आहे. तबकडी फिरते, वरून एक सुई पुढे-मागे होते. ५,४०० फेरे म्हणजे सेकंदाला नव्वद. हवी ती नोंद सुईखाली यायची तर सरासरी अर्धा फेरा वाट बघायला लागते. तुम्ही कितीही घाई करा, लोखंड लोखंडाच्या गतीनंच फिरणार.

यातून सुटका जपानमध्ये झाली. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधून काढली. तिचा नँड नावाचा प्रकार १९८७ मध्ये जगासमोर आला. यात फिरणारं काहीच नाही. वीज गेली तरी लक्षात राहतं, आणि जवळजवळ ताबडतोब सापडतं. पेन ड्राइव्ह, मोबाईलचं कार्ड आणि आजची एसएसडी, ही सगळी तिचीच लेकरं.

मिलिसेकंद, नॅनोसेकंद ऐकून डोक्यात काही उभं राहत नाही. म्हणून मी पुतणीला एक हिशोब मांडून दाखवला. समजा, रॅममधून वस्तू आणायला एक सेकंद लागतो, म्हणजे शेजारच्या माठातून पाणी घेतलं. मग त्याच मापानं एसएसडीमधून आणायला साधारण सतरा मिनिटं लागतील, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या नळावर जाऊन आलो. आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कमधून? साधारण बेचाळीस तास. पावणेदोन दिवस! तहान लागल्यावर पावणेदोन दिवस. आता कळलं, चहा करून कप धुऊन यायला वेळ का मिळायचा?

इथं एक व्यवहाराची गोष्ट. अडतंय कुठं, हे आधी मोजा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची खिडकी असते. लॅपटॉप अडकला की ती उघडून बघायची. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ओटा लहान आहे. डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटली असेल तर रस्ता अरुंद आहे. आणि दोन्ही मोकळे असून प्रोसेसरच शंभरावर असेल, तर जिनच म्हातारं झालंय. तिथं रॅम आणि एसएसडी घालून फार फरक पडणार नाही. दुकानदाराच्या सल्ल्याच्या आधी ही खिडकी बघा, एवढी माझी विनंती.

आता दुसरा मुद्दा: जोडणी. खामगावचा फाटा मुख्य मार्गाच्याच मापाचा, साडेपाच फुटी ब्रॉडगेज होता. म्हणून खामगावला भरलेला डबा जलंबला न उतरवता पुढे जाऊ शकत होता. याउलट शेजारी मूर्तिजापूरला बघा. यवतमाळ आणि अचलपूरकडची आपली शकुंतला अडीच फुटी नॅरोगेज. तिचा माल मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत भरावा लागे. माप जुळलं नाही की तेवढं ओझं कायमचं डोक्यावर.

संगणकात हे माप ठरवणारी संस्था आहे, जेडेक. तिनं मापं ठरवली म्हणून एका कंपनीची रॅम दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये बसते. पण माप पिढीगणिक बदलतं. लॅपटॉपच्या डीडीआर-थ्री पट्टीला २०४ टोकं, डीडीआर-फोरला २६०, आणि मधली खाचही वेगळ्या जागी. चुकीची पट्टी बसतच नाही, आणि जोर लावून बसवू नये. त्यातही साधी डीडीआर-थ्री दीड व्होल्टची, तर एल अक्षर लागलेली १.३५ व्होल्टची. कमी व्होल्टच्या लॅपटॉपमध्ये साधी चालेलच असं नाही. म्हणून जुनी पट्टी काढून तिच्यावरची चिठ्ठी वाचायची आणि मगच नवी घ्यायची. डिस्कचं सोपं आहे. अडीच इंची हार्ड डिस्क आणि अडीच इंची साटा एसएसडी, दोघींची जोडणी एकच. एक काढली, दुसरी सरकवली.

पण मंडळी, मापं जुळण्याचा हा काळ आता मागे पडू लागला आहे. २००८ मध्ये ॲपलनं मॅकबुक एअर आणला, पाकिटात मावेल इतका पातळ. त्याची रॅम मुख्य बोर्डावर कायमची डाख दिलेली होती. पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेनं गेल्या. यात सगळी लबाडीच आहे असं मी म्हणणार नाही. डाख दिली की जागा वाचते, वीज कमी लागते, बॅटरी जास्त चालते. पण परिणाम असा, की ज्या दिवशी ओटा लहान पडेल त्या दिवशी तो वाढवता येणार नाही, अख्खा कारखानाच टाकावा लागेल. आपल्याकडे लॅपटॉप घेताना लोक रंग बघतात, वजन बघतात. मी म्हणतो, एक प्रश्न विचारा: याची रॅम वाढवता येते का? नसेल येत, तर दहा वर्षांनी लागणारा ओटा आजच विकत घ्यावा लागेल, हे लक्षात ठेवा. आता काढता-घालता येईल अशा पातळ मेमरीचं नवं मापही आलं आहे, २०२४ पासून थोड्या लॅपटॉपमध्ये ती दिसते. म्हणजे डाख देणं हा काही निसर्गनियम नाही. तो कुणीतरी घेतलेला निर्णय आहे.

आणि निर्णय म्हटलं की इतिहासवाल्यानं विचारायचा प्रश्न येतो: कुणासाठी?

खामगावचा फाटा कुणासाठी होता? गाठी लवकर निघू लागल्या हे खरं. पण त्या निघाल्या मुंबईला, तिथून इंग्लंडला. कापसाखालचं क्षेत्र वाढलं, धान्याचं मागे पडलं. इथल्या कापडाला परदेशी कापडाशी टक्कर द्यावी लागली. आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत, रेल्वे दारात असलेल्या याच वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. अडथळा काढला तो कापसासाठी काढला, कास्तकारासाठी नाही. आजही बुलढाणा हे जिल्ह्याचं मुख्यालय, पण तिथं रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या. कुठला रस्ता मोकळा करायचा हे अभियांत्रिकी एकटी ठरवत नाही.

लॅपटॉपचंही तेच. मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. पुढची विंडोज इलेव्हन अधिकृतपणे साधारण २०१७-१८ नंतरच्याच प्रोसेसरवर चालते. म्हणजे पुतणीच्या लॅपटॉपला रॅम घाला, एसएसडी घाला, तो पळायला लागेल, तरी कागदोपत्री तो निवृत्त. हात धड, पाय धड, पण वयाचा दाखला आडवा आला! (हशा) हसू नका, हे आपल्यालाही होणार आहे. यावर वाट आहे. लिनक्स नावाची मोफत प्रणाली जुन्या यंत्रांवर चालते, मराठीतही चालते. आपल्या सी-डॅकनं बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. शिकायला आठवडा लागतो. २००१ नंतर तालुक्या-तालुक्यांत एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, तेव्हा माउस धरायलाही आपण शिकलोच होतो.

शेवटी एक सावधगिरी, आणि ही माझ्या चुकीतून आलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी घरच्या मोडी कागदांचे फोटो काढून एकाच हार्ड डिस्कवर ठेवले होते. एके दिवशी ती डिस्क टक-टक आवाज करायला लागली आणि दोन दिवसांत गेली. कागद पेटीत होते म्हणून वाचलो, पण केलेली दोन उन्हाळ्यांची मेहनत गेली. तेव्हा वखार बदलताना पहिलं काम पान्याचं नाही. आधी सगळ्या मालाची प्रत दुसरीकडे काढा, उघडून बघा, आणि मग स्क्रू काढा. एसएसडी कायमची असते असंही समजू नका. तिच्यावर किती वेळा लिहायचं याला मर्यादा आहे, आणि ती जाताना बहुधा टक-टकही करत नाही.

तर आमच्याकडे काय झालं? एका रविवारी मी, पुतणी आणि शेजारचा एक मुलगा, जेवणाच्या टेबलावर बसलो. प्रत काढलेली होती. चार्जर काढला, बॅटरी सोडवली. रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामीच होती. दहा वर्षं रिकामी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. तिथं चार जीबीची आणखी एक पट्टी, आणि फिरणाऱ्या डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी. जुनी डिस्क वीस मिनिटांत एका डबीत घालून बाहेरून जोडायची केली, ती आता प्रती ठेवायला वापरते. सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्शात बसला. बटण दाबलं. मी सवयीनं चहा ठेवायला उठलो, तर मागून हाक आली, "काका, बसा, झालं सुरू."

तिनं सराव परीक्षा पुन्हा लॅपटॉपवर द्यायला सुरुवात केली आहे. लिनक्स तिनं स्वतः टाकलं, मला विचारलंही नाही.

तुमच्या घरी कपाटावर असा एखादा लॅपटॉप धूळ खात पडला असेल. तो भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा, कुठं अडलंय ते. कदाचित अख्खी रेल्वे टाकायची नसेल. तेरा किलोमीटरच असतील.

आता प्रश्न असतील तर घेऊ.